पैसे कधी लागणार?

मुंबई शेअर बाजाराच्या दारात जो ब्राँझचा बैल उभा आहे, तो सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी घडवला. तो तिथे आला जानेवारी २००८ मध्ये. त्याच महिन्याच्या १० तारखेला सेन्सेक्स २१,२०६ पर्यंत चढला होता. २१ तारखेला तो एका दिवसात १,४०८ अंकांनी खाली आला आणि ९ मार्च २००९ रोजी ८,१६० वर बंद झाला. बैलाचा यात काही दोष नाही. तेजीचं शिल्प उभारावं असं माणसांना तेजीतच सुचतं. मंदीत असल्या खर्चाला मंजुरी कोण देणार? त्यामुळे असली कामं बरोब्बर शिखरावर पुरी होतात.

मुंबईला हे नवं नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला की समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशनच्या पाच हजार रुपये भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, १ जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करायचा दिवस उजाडला, आणि देणेकरी गायब होऊ लागले. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. या साऱ्या खेळाचे नायक प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये, भर तेजीत, मुंबई विद्यापीठाला देणगी दिली होती. तिच्यातून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. बाजारातला पैसा बुडाला. वेळेत बाहेर काढून दिलेला तेवढा अजून फोर्टात लोकांना वेळ दाखवतो आहे.

आता आपल्या तेजीकडे येऊ. मार्च २०२० मध्ये देशात डिमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती. मार्च २०२५ मध्ये ती एकोणीस कोटींच्या वर गेली. एकेकाची दोन-तीन खाती असतात हे धरलं, तरी पाचांतली जवळजवळ चार खाती कोविडच्या टाळेबंदीनंतर उघडलेली आहेत. एसआयपीतून २०१६ च्या एप्रिलमध्ये महिन्याला तीन हजार कोटींच्या आसपास रक्कम येत होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने पंचवीस हजार कोटींचा टप्पा ओलांडला. मराठी मध्यमवर्गाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. पिढ्यान् पिढ्या पोस्ट, एलआयसी आणि बँकेची एफडी यांच्यापलीकडे न गेलेली घरं देशाच्या उद्योगात भागीदार झाली. पण या नव्या भागीदारांपैकी बहुतेकांनी खरी मंदी पाहिलेली नाही.

त्यांना ठाऊक असलेली पडझड म्हणजे २३ मार्च २०२०. त्या एका दिवसात सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांहून अधिक, आपटला आणि २५,९८१ वर थांबला. पुढे काय झालं ते सगळ्यांना आठवतं. नोव्हेंबर उजाडेपर्यंत बाजाराने जानेवारीचा जुना उच्चांक परत गाठला होता. ज्यांनी त्या काळात मोबाइलवर खातं उघडलं, त्यांच्या मनावर एकच धडा कोरला गेला: पडलं की घ्या, सहा-आठ महिन्यांत पैसे. सप्टेंबर २०२४ मध्ये सेन्सेक्स ८५,९७८ पर्यंत जाऊन आला आणि मग ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे सलग पाच महिने निफ्टी उतरत राहिला. १९९६ नंतर हे प्रथमच घडत होतं. तेव्हा मित्रांच्या ग्रुपवर जो अस्वस्थपणा दिसला, तो घसरणीच्या मानाने फार होता. निर्देशांक उच्चांकापासून सोळा-सतरा टक्केच उतरला होता. २००८ ची घसरण साठ टक्क्यांची होती.

आणि साठ टक्केही एक वेळ परवडले, असं म्हणायची पाळी यावी असा प्रकार त्याआधी होऊन गेला आहे.

२२ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ४,४६७ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशीच्या टाइम्स ऑफ इंडियात सुचेता दलाल यांची स्टेट बँकेच्या रोखे व्यवहारांविषयीची बातमी आली आणि हर्षद मेहता या दलालाने चढवलेली तेजी फुटली. वर्षभरात निर्देशांक निम्म्याहून खाली गेला. इथपर्यंतची गोष्ट वेब मालिकेमुळे घरोघरी पोचली आहे. तिच्यात न आलेली गोष्ट पुढची आहे. १९९४ मध्ये बाजार पुन्हा चढला, पुन्हा पडला. २००० च्या फेब्रुवारीत सॉफ्टवेअर कंपन्यांच्या आणि केतन पारेख या दलालाच्या जोरावर ५,९३३ पर्यंत गेला, पुन्हा पडला. आणि एप्रिल २००३ च्या अखेरीस सेन्सेक्स होता २,९०० च्या आसपास. अकरा वर्षांनंतर, हर्षदच्या शिखरापेक्षा पस्तीस टक्के खाली. मधल्या काळातला लाभांश यात धरलेला नाही हे खरं. पण त्यातली बहुतेक वर्षं बँका ठेवींवर दहा-बारा टक्के व्याज देत होत्या हेही खरं. १९९२ साली जन्मलेलं मूल तोवर सहावीत गेलं होतं.

तेजी संपते तेव्हा एखादा काळा सोमवार येतो आणि सगळं एका दिवसात कोसळतं, असं चित्र आपल्या मनात असतं. पण एका दिवसात पडलेल्या बाजारापेक्षा दहा वर्षं कुठेच न जाणारा बाजार घरचं गणित जास्त बिघडवतो. पडझडीत निदान बातमी असते, सहानुभूती असते. रखडलेल्या बाजारात फक्त कंटाळा असतो. कंटाळलेला माणूस एसआयपी थांबवतो, पैसे काढून सदाशिव पेठेत किंवा बदलापूरला फ्लॅट बुक करतो, आणि नेमका तो बाहेर पडल्यावर बाजार हलायला लागतो. २००३ च्या उन्हाळ्यात असंच झालं. तिथून सुरू झालेल्या तेजीत सेन्सेक्स पाच वर्षांत सातपट झाला. ती तेजी ज्यांनी पुरी उपभोगली असे लोक फार नव्हते, कारण आधीच्या दशकाने त्यांना बाजारातून घालवून दिलं होतं.

रखडण्याची कमाल जपानने दाखवली. तिथला निक्केई २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर बंद झाला आणि तो आकडा त्याने पुन्हा ओलांडला तो २२ फेब्रुवारी २०२४ ला. चौतीस वर्षं. भारत म्हणजे जपान नव्हे, हे सांगायला टीव्हीवरच्या तज्ज्ञाची गरज नाही. तरीपण ‘लाँग टर्म’ या मंत्राचा जप करणाऱ्याने हा आकडा एकदा समोर ठेवावा. लाँग टर्म म्हणजे किती, याचं उत्तर बाजार देतो. आपण देत नाही.

*

या सगळ्यावरून कुणी म्हणेल, मग आत्ताच विकून मोकळं व्हावं. या सल्ल्याचाही इतिहास आहे.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी ५ डिसेंबर १९९६ रोजीच्या भाषणात बाजारातल्या अविवेकी उत्साहाचा प्रश्न काढला. जगभरचे बाजार दुसऱ्या दिवशी दचकले. ग्रीनस्पॅन यांची शंका बरोबर होती, पुढे फुगा फुटलाच. पण तो फुटला मार्च २००० मध्ये. सव्वातीन वर्षं बाजार चढतच राहिला आणि नॅसडॅक तोवर जवळजवळ चौपट झाला. याहून गमतीची गोष्ट अशी की एसअँडपी ५०० हा निर्देशांक त्या भाषणाच्या दिवशी ७४४ वर होता, आणि फुगा फुटून सगळी धूळ बसल्यावर, ऑक्टोबर २००२ च्या तळाला, तो ७७६ वर होता. म्हणजे ग्रीनस्पॅनचं ऐकून त्या दिवशी विकणाऱ्याला नंतरच्या त्या पडझडीतही त्याहून स्वस्त भाव मिळाला नाही. ज्याच्या हातात व्याजदराच्या दोऱ्या होत्या, देशातला सगळा आकडेवारीचा साठा ज्याच्या टेबलावर येत होता, त्या माणसाची ही कथा. आपल्याला भाकीत पुरवतो तो यूट्यूबवरचा अँकर.

तेजी कधी संपेल, हा प्रश्न म्हणून सोडून द्यावा. आपल्याला उत्तर माहीत असलेला दुसरा एक प्रश्न आहे, तो मात्र बहुतेक घरांत कुणी विचारत नाही: पैसे कधी लागणार? मुलीच्या इंजिनिअरिंगची पहिली फी जून २०२७ मध्ये भरायची आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांत करावं लागेल. आपली निवृत्ती अमुक महिन्याच्या अखेरीस. बाजाराची तारीख कुणालाच ठाऊक नाही; या तारखा कॅलेंडरवर आहेत. मला विचाराल तर तेजीच्या अंताची सगळी तयारी या तारखांपासून सुरू होते, आणि फारशी त्यापुढे जातही नाही.

यातलं सर्वांत अवघड प्रकरण निवृत्तीचं, म्हणून त्यावर जरा थांबतो.

समजा, दोन बहिणी आहेत. थोरली आज निवृत्त झाली, धाकटी पाच वर्षांनी दुसऱ्या एखाद्या काळात होईल. दोघींकडे एक-एक कोटी, सगळे शेअर बाजाराच्या फंडात. दोघी दर वर्षाच्या सुरुवातीला घरखर्चाला सहा लाख काढणार. थोरलीच्या वाट्याला पाच वर्षांत असा परतावा येतो: पहिल्या वर्षी उणे ३५ टक्के, दुसऱ्या वर्षी शून्य, मग १५, २० आणि २५. धाकटीला तंतोतंत हेच आकडे मिळतात, पण उलट्या क्रमाने. आधी २५, आणि शेवटी उणे ३५. पैसे काढायचेच नसते तर दोघींचे एक कोटी १२ लाख झाले असते, क्रम कुठलाही असो. पैसे काढत गेल्यावर मात्र थोरलीकडे पाच वर्षांनी ६८ लाख उरतात आणि धाकटीकडे जवळजवळ ८८ लाख. सरासरी परतावा तोच, खर्च तोच, शहाणपण तेवढंच. फरक फक्त मंदी कधी गाठते याचा. थोरलीला पडलेल्या भावात युनिट विकून किराणा भरावा लागला. बाजार वर आला तेव्हा वर यायला तेवढे युनिटच उरले नव्हते.

आता थोरलीने निवृत्तीच्या दिवशी एवढंच केलं असतं: पहिल्या तीन वर्षांचे अठरा लाख बाजारातून काढून बँकेत ठेवले असते आणि ब्याऐंशी लाख तसेच राहू दिले असते. तोच वाईट क्रम तिच्या वाट्याला आला असता, तरी पाच वर्षांनी तिच्याकडे ७५ लाख असते, आणि बँकेतल्या पैशावरचं व्याज मी धरलेलंच नाही. सात लाखांचा फरक कुठलाही हुशार फंड न निवडता पडला. अर्थात बाजार चढता राहिला असता तर हे अठरा लाख मागे पडले असते. हा विम्याचा हप्ता आहे, तो हसत भरावा.

निवृत्तीला पाच वर्षं उरली असताना हे काम सुरू करावं असं मला वाटतं, शेवटच्या वर्षी नव्हे. दर वर्षी एका वर्षाचा खर्च बाजूला काढत गेलं की शेवटी एकदम मोठा निर्णय घ्यावा लागत नाही. मुलांच्या शिक्षणालाही हेच लागू आहे. तीन वर्षांच्या आत भरायची फी शेअर फंडात ठेवणारा बाप जुगार खेळतो आहे, मग त्याच्या फंडाला कितीही तारे मिळालेले असोत.

*

तेजीचा एक परिणाम गुपचूप होत असतो. समजा, मार्च २०२० च्या तळाला कुणी दहा लाखांची विभागणी केली होती: सहा लाख निर्देशांकाच्या फंडात, चार लाख ठेवीत. (तळ कुणाला साधत नाही, हिशेबाच्या सोयीसाठी घेतो.) सप्टेंबर २०२४ पर्यंत सहाचे जवळजवळ वीस झाले. ठेवीतले चार व्याजासकट सव्वापाच झाले. मूळ विभागणी साठ-चाळीसची होती, ती आपोआप एकोणऐंशी-एकवीसची झाली. या माणसाने जोखीम वाढवण्याचा निर्णय कधीच घेतला नव्हता. वयाने तो साडेचार वर्षांनी मोठा झाला, म्हणजे जोखीम कमी व्हायला हवी होती, आणि झाली उलट. आता बाजार चाळीस टक्के पडला तर त्याच्या एकूण पैशातले बत्तीस टक्के जातील. साठ-चाळीस ठेवलं असतं तर चोवीस गेले असते. पंचवीस लाखांवर तो दोन लाखांचा फरक आहे.

म्हणून वर्षातून एकदा विभागणी मूळ जागी आणावी. वाढलेलं थोडं विकायचं, मागे राहिलेल्यात घालायचं. ऐकायला सोपं, करायला जीव जातो, कारण जो फंड सगळ्यांत छान चाललाय तोच कापायचा असतो. ‘पळता घोडा कशाला विकायचा’ असं घरात कुणीतरी म्हणतंच. दुसरी सबब कराची. शेअर फंड वर्षाहून अधिक काळ ठेवून विकला की वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही आणि त्यापुढे साडेबारा टक्के, असा जुलै २०२४ पासूनचा नियम आहे. वरच्या माणसाला साठ-चाळीसवर यायला पावणेपाच लाखांचे युनिट विकावे लागतील. त्यांतला नफा साधारण तीन लाख तीस हजार. एकाच वर्षात विकले तर उपकर सोडून पंचवीस हजारांच्या आसपास कर. अर्धे मार्चअखेर आणि अर्धे एप्रिलमध्ये विकले तर सव्वा लाखाची सूट दोनदा मिळते आणि कर दहा हजारांवर येतो. दहा हजार वाचवण्यासाठी दोन लाखांचा धोका अंगावर घेणारे लोक मी पाहिले आहेत. ते इतर बाबतींत हिशेबाला चोख असतात.

*

कापायचं तर आधी काय कापायचं? तेजीच्या शेवटाला जे सर्वांत जोरात नाचतं ते. प्रत्येक वेळी नावं वेगळी असतात. १९९४ मध्ये वृक्षलागवडीच्या कंपन्या होत्या, २००० मध्ये नावात ‘सॉफ्टवेअर’ किंवा ‘टेक’ असलेलं काहीही. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरचा इश्यू आला. ४५० रुपयांना (किरकोळ गुंतवणूकदाराला ४३०) विकलेल्या त्या शेअरसाठी सत्तर पटींहून अधिक मागणी आली, कंपनीची बहुतेक वीज कागदावर होती, आणि ११ फेब्रुवारीला पहिल्या दिवसाच्या अखेरीस भाव ३७२ झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या एका मोटरसायकल विक्रेत्याने छोट्या कंपन्यांच्या बाजारात बारा कोटींचा इश्यू आणला. दोन शोरूम, आठ कर्मचारी. त्यासाठी अर्ज आले चार हजार आठशे कोटींचे. याला काय म्हणावं? त्या आठ कर्मचाऱ्यांच्या कष्टांबद्दल आदर बाळगूनही मी याला शिखराजवळची हवा म्हणेन. ती हवा किती काळ राहील ते विचारू नका. वर ग्रीनस्पॅनची गोष्ट सांगितलीच आहे.

स्मॉलकॅप फंडांचं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण ते घराघरांत आहेत आणि गेल्या काही वर्षांचे त्यांचे आकडे डोळे दिपवणारे आहेत. जानेवारी २०१८ ते मार्च २०२० या सव्वादोन वर्षांत निफ्टीचा स्मॉलकॅप १०० निर्देशांक साठ टक्क्यांहून अधिक पडला होता, आणि त्या काळातला मोठा भाग सेन्सेक्स मात्र नवनवे उच्चांक करत होता. म्हणजे मंदी आली होती, बातम्यांत नव्हती एवढंच. छोट्या कंपन्यांची दुसरी अडचण विकण्याची. भाव कोसळतात तेव्हा खालचं सर्किट लागतं आणि घेणारा नसतो. २०२४ च्या मार्चमध्ये सेबीच्या सांगण्यावरून फंडांनी एक माहिती जाहीर करायला सुरुवात केली: संकटात आपला पंचवीस टक्के आणि पन्नास टक्के माल विकायला किती दिवस लागतील. मोठ्या स्मॉलकॅप फंडांचे हे दिवस आठवड्यांत मोजावे लागतात. ही माहिती दर महिन्याला फंडाच्या संकेतस्थळावर येते आणि ती वाचायला शेअर बाजाराचं काही ज्ञान लागत नाही. फंड निवडताना आपण परताव्याचा तक्ता बघतो, तेवढा वेळ तिलाही द्यावा.

एफ अँड ओबद्दल, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांबद्दल, दोन वाक्यं पुरेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी दोन लाखांचा, असं सेबीनेच सांगितलं आहे. आणि ही वर्षं तेजीची होती.

*

बाजारातून काढलेला पैसा ठेवायचा कुठे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. महाराष्ट्रात तर मुळीच नाही. ‘सुरक्षित’ या सदरात बुडालेले पैसे आपल्याकडे शेअर बाजाराइतकेच लोकांच्या आठवणीत आहेत.

युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना आठवा. १९६४ पासून चाललेली, सरकारी शिक्का असलेली, शिक्षक-कारकुनांनी ग्रॅच्युइटी डोळे झाकून टाकलेली. लोक तिला ठेवच समजत होते. आत मात्र शेअर होते, आणि ट्रस्ट जाहीर करत असलेला युनिटचा भाव आतल्या मालाच्या किमतीशी जुळत नव्हता. २००० ची तेजी फुटली आणि जुलै २००१ मध्ये युनिटची खरेदी-विक्री बंद करण्यात आली. जवळपास दोन कोटी लोकांचे पैसे अडकले. पुढे सरकारने आधार दिला आणि २००३ मध्ये ते युनिट पावणेसात टक्क्यांच्या करमुक्त रोख्यांत बदलून मिळाले, पण मधली दोन वर्षं कुणाच्या लग्नाची, कुणाच्या घराची होती.

कर्जरोखे फंड म्हणजे एफडी नव्हे, हे एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेंपल्टनने सहा योजना एका रात्रीत गुंडाळायला काढल्या तेव्हा कळलं. ते पैसे पुढे परत मिळाले, पण आपल्याला हवे तेव्हा नाही. जास्त व्याजाच्या मोहाने त्या योजनांनी कमी पतीचे रोखे घेतले होते. सहकारी बँकांचं तर काय सांगावं! सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत केवळ हजार रुपये काढता येत होते. बँक कुठलीही असो, ठेवविमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच आहे. पतसंस्थेला तर हा विमाच नाही. गल्लीतल्या पतसंस्थेचे चेअरमन ओळखीचे असतात, गणपतीची वर्गणी उदार हाताने देतात, आणि एक-दीड टक्का व्याज जास्त मिळतं. तीन वर्षांच्या घरखर्चाचे पैसे तिथे ठेवू नयेत.

साठी ओलांडलेल्यांना त्यातल्या त्यात सोपा मार्ग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा. माणशी तीस लाखांची मर्यादा, नवरा-बायको दोघांची मिळून साठ. व्याज दर तिमाहीला खात्यात. व्याज करपात्र आहे आणि महागाईशी झुंजायला ते पुरत नाही, पण ते काम बाजारात ठेवलेल्या उरलेल्या पैशाने करायचं आहे. इथे फक्त मुद्दल आणि तारीख सांभाळायची.

सोन्याबद्दल बोलायला मी जरा कचरतो, कारण भाव एवढा चढल्यावर प्रत्येकाला आपली आजीच अर्थतज्ज्ञ होती असं वाटायला लागलं आहे. सोनं बाजाराच्या उलट चालतं असंही नाही आणि नेहमी चढतं असंही नाही. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात औंसाला ८५० डॉलरवर गेलेल्या सोन्याला तो भाव पुन्हा बघायला २००८ उजाडलं. घरात असलेलं असू द्यावं. एकूण मालमत्तेचा दहावा हिस्सा ठीक. तेजी संपण्याच्या भीतीने शेअर विकून सोन्याच्या तेजीत शिरणं म्हणजे एका दारातून बाहेर पडून शेजारच्या दारातून आत येणं.

*

पुण्यात हिंजवडी किंवा खराडीला नोकरी करणाऱ्या पस्तिशीतल्या जोडप्याचा ताळेबंद एकदा मांडून पाहावा. दोघांचे पगार आयटीतून. बोनस कंपनीच्या नफ्यावर. काही शेअर त्याच कंपनीचे, ईसॉप म्हणून मिळालेले. फंडांत एक खास तंत्रज्ञान क्षेत्राचा, कारण ‘आपल्याला ते कळतं’. राहता फ्लॅट वाकडला, गुंतवणुकीचा बाणेरला. दोन्हींवर कर्ज, आणि दोन्हींचा भाव ठरणार आयटीत काम करणाऱ्यांच्या पगारावर. कागदावर सहा प्रकारच्या मालमत्ता दिसतात. अमेरिकेत मागणी आटली की सहाही एकदम खाली येतील, आणि त्याच महिन्यात एचआरकडून बोलावणं येईल. २००१ मध्ये आणि पुन्हा २००८-०९ मध्ये हेच घडलं होतं.

या जोडप्याने तेजीत करायचं काम शेअर विकण्यापेक्षा वेगळं आहे. ईसॉप हाती आले की विकून टाकावेत. कंपनीवरचं प्रेम पगारापुरतं पुरे. गुंतवणुकीच्या फ्लॅटचं कर्ज शक्य तेवढं उतरवावं. वर्षभराचे हप्ते आणि घरखर्च यांची रक्कम ठेवीत असावी. सहा महिने पुरतात असं पुस्तकात म्हणतात, पण दोघंही एकाच उद्योगात असतील तर पुरत नाहीत. आणि शेअर तारण ठेवून कर्ज, मार्जिनवर खरेदी, उसन्या पैशातून एसआयपी यांतलं काही चालू असेल तर ते आजच बंद. मंदीत टिकून राहण्याचा हक्क ज्याच्यावर कर्ज नाही त्यालाच असतो. बाकीच्यांचे शेअर सावकार विकतो, तेही त्याला सोयीच्या दिवशी.

पंचविशीतल्या मुलामुलींना मात्र यातलं बहुतेक लागू नाही. त्यांना पुढची तीस वर्षं घ्यायचंच आहे. घेणाऱ्याला भाव पडल्याचं दुःख का व्हावं? जानेवारी २००८ च्या शिखरावर निर्देशांकात एकरकमी पैसे घातलेल्याला ते जेमतेम परत दिसले २०१० च्या दिवाळीत, मुहूर्ताच्या सौद्यात सेन्सेक्स २१,००४ वर बंद झाला तेव्हा. तिथून तो पुन्हा घसरला. २०१३ च्या दिवाळीत, ३ नोव्हेंबरच्या मुहूर्ताला २१,२३९. सहा दिवाळ्या, जमा शून्य. त्याच शिखरावर ज्याने महिन्याला ठरावीक रक्कम घालायला सुरुवात केली आणि सेन्सेक्स ८,००० असो, १५,००० असो, घालतच राहिला, तो २०१३ च्या त्याच मुहूर्ताला चांगल्या नफ्यात होता. अट एकच होती, ती म्हणजे त्या सहा वर्षांत एकही हप्ता न चुकवण्याची. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ती पाळणं सोपं नव्हतं.

म्हणून नियम आधीच, बाजार वर असताना, कागदावर लिहून ठेवावेत: किती टक्के शेअरमध्ये, वर्षातून कोणत्या दिवशी मोजायचं, किती सरकलं की हलवायचं, आणि बाजार तीस टक्के पडला तर काय करायचं नाही. दिवाळीचा पाडवा त्याला बरा. पूर्वी दुकानदार त्या दिवशी नवी वही घालत. त्या कागदावर खात्यांचे क्रमांक, नॉमिनी आणि ठेवींच्या मुदती असाव्यात, आणि तो लिहिताना दोघांनी एकत्र बसावं. घरातले शेअर एकाने बघायचे आणि दुसऱ्याने फक्त सही करायची, ही पद्धत मराठी घरांत अजून जोरात आहे. बघणाराच आजारी पडला, तर बाजार चढलाय की पडलाय हे विचारायचं कुणाला, हेही दुसऱ्याला ठाऊक नसतं.